तारापूर-वसईच्या किनाऱ्यावरील एक इटालियन प्रवासी

युरोपांतील एखाद्या लहानशा बंदराचें प्रवासवर्णन आपल्याकडील सुशिक्षित वाचक मोठ्या आवडीनें वाचतो. फरसबंदी रस्ते, प्रार्थनामंदिरांचे मनोरे, सज्ज्यांत बसून समुद्र न्याहाळणारे नागरिक, हें सर्व वाचतांना घरबसल्या परदेशीं हिंडून आल्याचें सुख त्यास होतें. परंतु अशीं नगरें पाहण्यासाठीं एके काळीं साता समुद्रांपलीकडे जाण्याचें कारण नव्हतें, ही गोष्ट बोईसर व पालघर या स्टेशनांवरून रोज ये-जा करणाऱ्या मंडळींपैकीं फार थोड्यांच्या ध्यानांत असेल. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून १७३९ पर्यंत दमण, डहाणू, तारापूर, केळवें-माहीम, वसई अशी पोर्तुगीज ठाण्यांची माळच या किनाऱ्यावर होती. आणि ती पाहून टिपून ठेवणारा एक चांगला साक्षीदारही आपणांस लाभला आहे.

त्याचें नांव जोव्हान्नी फ्रांचेस्को जेमेल्ली कारेरी. १६५१ सालीं कालाब्रियांत जन्मलेला हा गृहस्थ पेशानें वकील. १६९३ मध्यें तो पृथ्वीपर्यटनास निघाला व १६९८ मध्यें परतला. त्याचा सहा खंडांचा प्रवासग्रंथ १६९९-१७०० च्या सुमारास नेपल्स येथें छापला गेला. तो व्यापारी नव्हता, धर्मोपदेशक नव्हता, कोणा राजाचा वकीलही नव्हता. स्वतःच्या हौसेनें हिंडणारा माणूस होता, आणि म्हणूनच त्याच्या शब्दास किंमत आहे. या मनुष्यानें घरीं बसूनच सर्व रचलें, असा आक्षेप पुढें कांहीं टीकाकारांनीं घेतला. परंतु मेक्सिकोविषयींचें त्याचें वर्णन खरें असल्याची साक्ष हुंबोल्टसारख्या शास्त्रज्ञानें दिली आहे.

जानेवारी १६९५ मध्यें कारेरी दमणास उतरला व तेथून समुद्रमार्गें वसईस आला. वाटेंत तारापूर लागलें. त्यास तो वाक्य दोन वाक्यें देतो: गांव बेताचें मोठें, वस्ती चांगली, डोमिनिकन व रेकोलेक्ट पंथांच्या साधूंचे मठ. लगेच त्याची दृष्टि मागल्या डोंगरांतील आशेरीच्या किल्ल्याकडे वळते. हा गड अजिंक्य, कारण त्यावर मारा करील असा दुसरा उंच डोंगर जवळ नाहीं. वाट खडकांत खोदलेली, वांकडी व इतकी अरुंद कीं दोन माणसें जोडीनें चालूं शकत नाहींत. पहारेकऱ्यांनीं नुसते धोंडे लोटले तरी सैन्य थोपेल. हें त्यानें ऐकूनच लिहिलें असावें. तथापि मनोरच्या बाजूनें ज्यांनीं आशेरी चढला आहे व तेथील कातळांत खोदलेल्या पायऱ्या पाहिल्या आहेत, ते या वर्णनास हंसणार नाहींत.

तारापुराविषयींची ही त्रोटकता वसईच्या वर्णनांत भरून निघते. दोन्ही ठाणीं पोर्तुगीजांच्या एकाच उत्तर प्रांतांतलीं. वसईंत कारेरीचा चांगला आदरसत्कार झाला. तेथें त्यास लग्नाचा प्रस्ताव आला, वीस हजार नाण्यांच्या हुंड्यासह; शिवाय मठांच्या वकिलीची नेमणूकही देऊं केली. याहून कितीतरी अधिक दिलें तरी असल्या उष्ण मुलखांत मी राहणार नाहीं, असें त्यानें सांगितलें. वाचक येथें हंसतो व पान उलटतो. पण क्षणभर थांबावें. ज्या नगरास आपल्या मुलींकरितां वर व आपल्या मठांकरितां वकील रस्त्यानें जाणाऱ्या पाहुण्यांतून शोधावा लागतो, त्या नगराची प्रकृति कशी असावी? उत्तर त्याच्याच पानांत आहे. शहराचा उत्तरेकडील तिसरा हिस्सा सांथीमुळें ओस पडला होता, असें तो नमूद करतो. बडे लोक उन्हाळा व रोगराई टाळण्यासाठीं तटाबाहेर बागांत जाऊन राहत. सुमारें पंधरा मैलांच्या टापूंत नारळ, आंबा, ऊंस यांच्या वाड्याच वाड्या. त्यांचें वर्णन करतांना कारेरी रंगून जातो. मात्र त्यांस पाणी घालणारे हिंदु, मुसलमान व ख्रिस्ती कुळवाडी अर्ध्या वाक्यांत येतात आणि नाहींसे होतात.

कारेरीपूर्वीं वीस वर्षें डॉक्टर जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य वसईस येऊन गेला होता. दुमजली घरें, झांकलेले सज्जे, खिडक्यांस कांचेऐवजीं शिंपल्यांच्या चकत्या, असें सुंदर चित्र त्यानें काढलें आहे. परंतु त्याच ठिकाणीं तो सांगतो कीं, रात्रीं तटाच्या आंत ख्रिस्ती लोकांवांचून कोणी राहत नसे. वाण्यांस सवलतीसाठीं जबर पैसा मोजावा लागे. परकी माणसाची सत्ता या किनाऱ्यास कांहीं नवी नव्हती. तारापूरच्या खाडीपलीकडील चिंचणी येथें सांपडलेला शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा, ताम्रपट पाहावा. राष्ट्रकूट तिसरा इंद्र याचा संजाण येथील अधिकारी मधुमती हा जातीनें ताजिक, म्हणजे अरब. मधुमती हें महंमद या नांवाचेंच संस्कृत रूप. त्यानें दोन प्रवाहांवर फुकट नावा ठेवल्या, भात, कालवण व तूप मिळेल असें अन्नछत्र घातलें आणि एका हिंदु मठास दिलेल्या दानास मान्यता दिली. एकानें नावा ठेवल्या, दुसऱ्यानें रात्रीं दरवाजे लावले. कारेरीस हा फरक दिसणें शक्य नव्हतें. तो दरवाज्याच्या आंतल्या बाजूस जेवत होता.

त्याच्या भेटीनंतर चव्वेचाळीस वर्षांनीं, जानेवारी १७३९ मध्यें, चिमाजी आप्पांच्या फौजांनीं तारापूर घेतलें आणि मे महिन्यांत वसई. आमच्या इतिहासलेखकांनीं या मोहिमेचें श्रेय केवळ शौर्यास द्यावें हें स्वाभाविक असलें, तरी पुरेसें नाहीं. ओस पडलेला तिसरा हिस्सा आणि तटाबाहेरची नाराज रयत यांचाही त्यांत वांटा होता. म्हणून तारापूर हलक्या हातानें मिळालें असें मात्र कोणीं समजूं नये. सुरुंग लावून, शिड्या चढून किल्ला घ्यावा लागला. आंतील टोपीकरही शर्थीनें लढले. बाजी भीवराव रेठरेकर तेथेंच पडले. पेशव्यांनीं त्यांच्या मातोश्रींस लिहिलेलें सांत्वनपत्र मराठी पत्रव्यवहारांत प्रसिद्धच आहे. नगर आंतून पोंखरलेलें असतें, तरी त्याच्या भिंतीवर चढणाऱ्यास गोळी लागावयाची ती लागतेच.

आतां तारापूर म्हटलें कीं लोकांच्या डोळ्यांपुढें येतें तें अमेरिकन कंपनीच्या साह्यानें उभारलेलें व १६६९ नव्हे तर १९६९ सालीं सुरू झालेलें अणुविद्युत्-केंद्र, आणि बोईसरचे कारखाने. जुना किल्ला इंग्रजी अमलांत विकाजी मेहेरजी या पारशी सावकाराच्या घराण्याकडे इनाम होता. त्याचा तट खाडीच्या तोंडाशीं अद्याप उभा आहे, आणि आंत वाडी आहे.