टर्मिनेशन शॉक

सूर्यापासून सर्व दिशांना वाहणारा सौरवात ज्या सीमेवर स्वनातीत वेग गमावून एकाएकी मंदावतो, ती सीमा. तिच्या पलीकडे मंदावलेल्या, तप्त प्लाझ्माचा जाड पट्टा (हेलिओशीथ) असतो. हा पट्टा हेलिओपॉजपाशी संपतो आणि आंतरतारकीय माध्यम सुरू होते. मोरीच्या फरशीवर नळाची धार पडली, की पाणी आधी पातळ थराने झरझर पसरते आणि काही अंतरावर अडून गोल कडे धरते. हा प्रकार साधारण तसाच.

व्हॉयेजर १ या यानाने डिसेंबर २००४ मध्ये, सूर्यापासून सु. ९४ खगोलीय एकक (ख. ए.; १ ख. ए. म्हणजे सु. १५ कोटी किमी.) अंतरावर ही सीमा ओलांडली. मात्र नेमक्या त्या वेळी यानाकडून संदेश घेतले जात नव्हते आणि सौरवात मोजणारे त्याचे उपकरण १९८० मध्येच निकामी झाले होते. त्यामुळे निष्कर्ष चुंबकीय क्षेत्र व भारित कण यांच्या नोंदींवरून काढावा लागला.

प्रत्यक्ष मोजमापाचे श्रेय व्हॉयेजर २ चे. ऑगस्ट २००७ च्या अखेरीस, सु. ८४ ख. ए.वर, सौरवाताचा वेग सेकंदाला सु. ३०० किमी.वरून निम्म्यावर आल्याचे त्याने नोंदवले. सीमा स्वतःच मागेपुढे सरकत असल्याने यानाला ती थोडक्या काळात अनेकदा पार करावी लागली. खरा धक्का तापमानाचा होता. गमावलेल्या गतिज ऊर्जेमुळे प्लाझ्मा दहा लाख केल्विनच्या घरात तापेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात आकडा दोन लाखांच्याही आत निघाला. बरीचशी ऊर्जा ‘पिकअप आयनां’नी घेतली होती. बाहेरून आत शिरलेले उदासीन अणू आयनीभूत होऊन सौरवाताबरोबर ओढले जातात, ते हे कण. ते व्हॉयेजर २ वरील सौरवात मोजणाऱ्या उपकरणाच्या पल्ल्याबाहेरचे, म्हणजे हिशोबातल्या तुटीवरूनच त्यांचा वाटा ठरला.

व्हॉयेजर २ ने ५ नोव्हेंबर २०१८ रोजी सु. ११९ ख. ए.वर हेलिओपॉज ओलांडला (व्हॉयेजर १ ने ऑगस्ट २०१२ मध्ये). उपकरणाच्या चार संवेदकांपैकी तीन सूर्याकडे रोखलेले होते. त्यांत सौरवात येणेच थांबले. काटकोनात बसवलेला चौथा संवेदक दर तीन महिन्यांनी, यान स्वतःभोवती फिरवले जाई तेव्हाच, उपयोगी पडे. वीज वाचवण्यासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये हे उपकरण बंद करण्यात आले.