वंध्यत्वोपचार आणि व्यायाम (भिलाई)

वंध्यत्वोपचार आणि व्यायाम : मूल होण्यासाठी औषधोपचार, आययूआय (गर्भाशयात शुक्राणू सोडणे) किंवा आयव्हीएफ (शरीराबाहेर फलन करून भ्रूण गर्भाशयात सोडणे) चालू असताना पतिपत्नींनी करावयाचा आणि टाळावयाचा व्यायाम. या काळात व्यायाम पूर्ण बंद करण्याची गरज बहुतेक स्त्रियांना नसते. उपचाराच्या टप्प्यानुसार त्याचा प्रकार व जोर बदलावा लागतो. ही नोंद छत्तीसगडमधील भिलाई या पोलादनगरीच्या संदर्भात आहे, कारण तेथील उन्हाळा, कारखान्यातील पाळ्या व भट्ट्यांची धग, आणि उपचारासाठी करावा लागणारा प्रवास यांचा या विषयाशी थेट संबंध येतो.

भिलाईचा पोलाद कारखाना १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर सेक्टरांमध्ये आखलेली वसाहत वाढली. देशाच्या सर्व भागांतून लोक आले. नागपूर, भंडारा, गोंदिया या बाजूची मराठी कुटुंबेही त्यांत होती. वंध्यत्वावरच्या उपचारासाठी येथील जोडपी दुर्ग-भिलाईतील किंवा सुमारे तीस किलोमीटरवरच्या रायपूरमधील खासगी केंद्रांत जातात. माहेर किंवा सासर नागपूरचे असेल तर तिकडेही. रुंद रस्ते, रस्त्याकडेची जुनी झाडे, सेक्टरांतील मैदाने आणि मरोद्याजवळची मैत्री बाग यांमुळे चालायला जागा शोधावी लागत नाही. मोठ्या शहरातल्या रुग्णांना हे सुख क्वचितच मिळते.

टप्पे आणि शरीरातील बदल : आययूआयच्या आधी लेट्रोझोल किंवा क्लोमिफीनच्या गोळ्यांनी सहसा एक-दोन, फार तर तीन फॉलिकल (स्त्रीबीजाच्या पिशव्या) वाढतात. अंडाशय फारसे फुगत नाहीत आणि रोजचा व्यायाम बहुधा तसाच चालू ठेवता येतो. आयव्हीएफमध्ये चित्र बदलते. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून साधारण आठ ते चौदा दिवस रोज इंजेक्शने घेऊन एकाच वेळी अनेक फॉलिकल वाढवतात. एरवी बदामाएवढा असणारा अंडाशय या दिवसांत त्याच्या कितीतरी पट मोठा व जड होतो. अशा अंडाशयाला धक्का किंवा पीळ बसला तर तो आपल्याच देठाभोवती फिरून त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. हे क्वचित घडते, पण घडले तर काही तासांत शस्त्रक्रिया करावी लागते, आणि उशीर झाला तर अंडाशय गमवावा लागू शकतो. म्हणून इंजेक्शने सुरू झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवसापासून धावणे, दोरीवरच्या उड्या, झुंबा, बॅडमिंटन, गरबा, जड वजने आणि कमरेतून झटक्याने वळण्याचे व्यायाम बंद ठेवतात. चालणे, हलके ताणाचे व्यायाम आणि श्वसनाचे सौम्य प्रकार चालू राहतात. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागावा. त्यापुढे जाऊ नये.

बीजे पक्व करणाऱ्या शेवटच्या, म्हणजे ‘ट्रिगर’च्या इंजेक्शनानंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी भूल देऊन योनिमार्गातून सुईने स्त्रीबीजे काढतात. रुग्णांच्या बोलण्यात हे ‘पिकअप’. त्या दिवशी विश्रांती हवी आणि चोवीस तास गाडी चालवू नये. दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात फिरता येते. मात्र बीजे काढली म्हणजे अंडाशय लगेच पूर्ववत झाले, असे नसते. ते आक्रसायला पुढची पाळी येईपर्यंतचा काळ लागू शकतो, त्यामुळे उड्या आणि वजने तोवर दूरच ठेवावीत. पोहणेही काही दिवस टाळतात, कारण टोचलेल्या जागी जंतुसंसर्गाचा धोका असतो. पोट तट्ट फुगणे, एका दिवसात किलोभर किंवा अधिक वजन वाढणे, लघवी कमी होणे, धाप लागणे ही अंडाशयाच्या अतिउत्तेजनाची लक्षणे आहेत. ती दिसली तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. गर्भ राहिल्यावर हा त्रास पुन्हा उचल खाऊ शकतो. भ्रूण गोठवून पुढच्या महिन्यात सोडायचे असतील तर मात्र त्या चक्रात अंडाशय फुगलेले नसतात आणि बंधने बरीच सैल होतात. या फरकाबद्दल डॉक्टरांना मुद्दाम विचारावे. पुष्कळ स्त्रिया ताज्या चक्रातली पथ्ये गोठवलेल्या भ्रूणाच्या वेळीही विनाकारण पाळत राहतात.

भ्रूण सोडल्यानंतरची विश्रांती : या विषयातली सर्वांत घट्ट समजूत येथे आहे. ‘ट्रान्सफर’ झाल्यावर पंधरा दिवस पलंगावरून उतरायचे नाही, जिना चढायचा नाही, खोकायचेसुद्धा जपून, असे सासूबाई सांगतात, आईही सांगते, आणि काही ठिकाणी दवाखान्यातले कर्मचारीही सांगतात. यामागची माया खरी असते. पण गर्भाशयाच्या पोकळीत भ्रूण सुटा लोंबकळत नसतो. गर्भाशयाच्या पुढच्या व मागच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात, त्यांच्यामधल्या ओलसर अस्तरात तो असतो, आणि उभे राहिल्याने, शिंकल्याने किंवा लघवीला गेल्याने तो खाली पडत नाही.

याची तपासणीही झाली आहे. स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे गायकवाड व सहकाऱ्यांनी दात्या स्त्रीची बीजे घेतलेल्या २४० स्त्रियांवर केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. भ्रूण सोडल्यावर निम्म्या जणींना दहा मिनिटे झोपवून ठेवले, निम्म्या जणी लगेच उठून गेल्या. लगेच उठलेल्यांपैकी सुमारे ५७ टक्के स्त्रियांना मूल झाले, झोपून राहिलेल्यांपैकी सुमारे ४२ टक्के स्त्रियांना. एवढ्या एका अभ्यासावरून झोपणे घातक ठरवता येणार नाही, पण ते उपयोगी असल्याचा पुरावा कोणत्याच अभ्यासात मिळालेला नाही. अमेरिकन प्रजननवैद्यक संस्थेनेही २०१७ च्या मार्गदर्शनात भ्रूण सोडल्यावर अंथरुणात विश्रांतीची शिफारस करू नये असे नमूद केले. सतत पडून राहण्याचे तोटे मात्र ठाऊक आहेत : बद्धकोष्ठ, जे प्रोजेस्टेरॉनमुळे आधीच वाढलेले असते, पाठदुखी, पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका, जो वाढलेल्या इस्ट्रोजेनमुळे या काळात एरवीपेक्षा अधिक असतो, आणि दिवसभर छताकडे पाहत पडल्याने वाढणारी घालमेल. रोज वीस-तीस मिनिटे सावकाश चालावे, घरातली हलकी कामे करावीत, नोकरी बसून करण्याची असेल तर कामावर जावे. पाण्याची कळशी उचलणे, जड पलंग सरकवणे आणि धावपळीचा व्यायाम एवढे टाळले की पुरे.

आणि सुमारे चौदा दिवसांनी बीटा-एचसीजी ही गर्भधारणेची रक्ततपासणी नकारात्मक आली, तर ती स्त्री एखाद्या दिवशी जिना चढली म्हणून ती तशी आलेली नसते. चक्र अयशस्वी होण्याचे सर्वांत मोठे कारण भ्रूणातील गुणसूत्रांचे दोष हे असते, आणि वयाबरोबर ते वाढतात. अपयशाचे खापर सुनेच्या पावलांवर फोडणे वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे आहे आणि माणूस म्हणूनही क्रूर आहे.

उपचाराआधीचा व्यायाम : येथे संशोधनाचे निष्कर्ष एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. बॉस्टनमधील २,२३२ स्त्रियांच्या २००६ मधील अभ्यासात, आठवड्याला चार तास किंवा त्याहून जास्त व्यायाम एक ते नऊ वर्षे करणाऱ्यांमध्ये पहिल्या आयव्हीएफनंतर मूल होण्याची शक्यता कमी आढळली. त्याच शहरातल्या पुढच्या काळातील एका अभ्यासात उपचाराआधीच्या व्यायामाचा यशाशी बरा-वाईट कोणताच संबंध दिसला नाही. लठ्ठ स्त्रियांनी आधी सहा महिने आहार-व्यायाम करावा आणि मगच उपचार घ्यावेत का, हे नेदरलँड्समध्ये ५७७ स्त्रियांवर तपासले गेले. २०१६ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांचे प्रमाण त्यामुळे वाढले नाही, पण उपचाराशिवाय आपोआप गर्भ राहण्याचे प्रमाण वाढले. यावरून एवढे म्हणता येते की व्यायामाने रक्तदाब, साखर, झोप आणि मन सुधारते व पुढच्या गरोदरपणाला त्याचा लाभ होतो. आयव्हीएफच्या यशाची हमी त्यातून मिळत नाही. चाळिशीजवळ आलेल्या स्त्रीला ‘आधी वीस किलो कमी करून या’ म्हणून वर्षभर परत पाठवणे तिच्या हिताचे नाही. तेवढ्या काळात वयाने होणारा तोटा वजनाच्या फायद्यापेक्षा मोठा ठरू शकतो.

पीसीओडी (पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार) असलेल्या स्त्रीला मात्र व्यायामाचा थेट उपयोग होतो. स्नायू साखर वापरू लागले की इन्शुलिनचा प्रतिरोध कमी होतो, आणि वजन पाच ते दहा टक्के उतरले तरी कित्येकींची पाळी नियमित होते. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम, हे जागतिक आरोग्य संघटनेचे २०२० मधले प्रमाण येथेही लागू होते. भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानतात. याउलट, हाडकुळ्या स्त्रीने उपाशीपोटी घाम गाळला तर तिची पाळीच बंद पडू शकते; तिला व्यायामापेक्षा अन्नाची गरज असते.

छत्तीसगडमध्ये व्यायामाचा आराखडा करण्याआधी रक्त तपासावे, याला स्थानिक कारण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या आणि छत्तीसगडचा आकडा त्याहून वर होता. हिमोग्लोबिन आठ-नऊ असलेल्या बाईला जिना चढताना धाप लागते, तेव्हा तिला ‘सवय नाही’ म्हणून धावायला लावणे चूक आहे. दुसरे कारण सिकलसेलचे. हा आजार छत्तीसगड आणि विदर्भ या दोन्हीकडे बराच आढळतो, आणि त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी शेजारच्या मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाली. सिकलसेल असलेल्या स्त्रीने उन्हात किंवा पाणी न पिता दमछाक करणारा व्यायाम केल्यास वेदनांचा झटका येऊ शकतो. तिच्या उपचारात रक्तविकारतज्ज्ञ असणे आवश्यक आहे.

पुरुष : व्यायामाची पथ्ये फक्त स्त्रीला सांगण्याची रीत अपुरी आहे. वृषणांचे तापमान शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी कमी राहावे लागते आणि शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात. म्हणजे आज केलेल्या बदलाचा परिणाम अडीच-तीन महिन्यांनी दिसतो. कोक ओव्हन, झोतभट्टी किंवा स्टील मेल्टिंग शॉपमध्ये धगीसमोर काम करणाऱ्याने हा मुद्दा डॉक्टरांना स्वतःहून सांगावा. वीर्यतपासणीच्या कागदावर पेशा लिहिलेला नसतो. शक्य असेल तर काही महिन्यांसाठी कमी धगीची जागा मागावी. सैल सुती कपडे घालावेत, कामानंतर गार पाण्याने आंघोळ करावी, वाफेची खोली टाळावी. रात्रपाळीहून आल्यावर सरळ जिममध्ये जाण्यापेक्षा आधी झोप घ्यावी. सायकलने कामावर जाण्यात धोका नाही. मात्र आठवड्याला पाच तास किंवा त्याहून अधिक सायकल चालवणाऱ्यांत शुक्राणूंची संख्या व गती कमी असल्याचे बॉस्टनच्याच एका अभ्यासात दिसले होते. सर्वांत गंभीर इशारा जिममधल्या इंजेक्शनांबद्दल आहे. दंड फुगवण्यासाठी घेतलेले टेस्टोस्टेरॉन किंवा इतर स्टेरॉइड मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेश बंद करते आणि शुक्राणू शून्यावर येऊ शकतात. बंद केल्यावर ते परत यायला कित्येक महिने लागतात. अशक्तपणावर म्हणून कोणी हे इंजेक्शन दिले असेल, तरी तेही सांगावे.

योगासने : औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केल्यापासून मराठी घरांत हा व्यायाम रुजलेला आहे. उपचाराच्या आधीच्या महिन्यांत तो उत्तमच. अंडाशय फुगल्यावर मात्र त्यातील पुढे वाकणे आणि पालथे होणे पोटावर दाब आणते, म्हणून त्या दोन-तीन आठवड्यांत सूर्यनमस्कार थांबवावेत. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन, पिळाची आसने, कपालभाती आणि भस्त्रिकाही त्या काळात नकोत. शवासन, अनुलोम-विलोम, भ्रामरी आणि भिंतीला पाठ टेकवून केलेले बद्धकोनासन चालते. एखादे आसन केल्याने गर्भ राहतो, या दाव्याला आधार नाही.

हवामान व प्रवास : भिलाईत मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो. चालणे सकाळी सातच्या आत उरकावे किंवा रात्री जेवणाआधी करावे, दुपारी घरातच हलके व्यायाम करावेत. पावसाळ्यात निसरड्या रस्त्यापेक्षा छपराखालची जागा बरी. नागपूरच्या केंद्रात जाणाऱ्यांना रेल्वेने काही तास बसून राहावे लागते. तासाभराने उठून डब्यात चार पावले टाकावीत, घोटे फिरवावेत, पाणी पीत राहावे. सामान दुसऱ्याने उचलावे.

इंजेक्शने चालू असताना किंवा पिकअपनंतर एका बाजूला ओटीपोटात अचानक जोराची कळ आली आणि उलट्या होऊ लागल्या, तर रायपूर-नागपूरच्या डॉक्टरांच्या वेळेची वाट पाहू नये. रात्र असली तरी जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे, ‘आयव्हीएफची इंजेक्शने चालू आहेत’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे आणि सोनोग्राफीची फाईल बरोबर न्यावी.