शिवेपर्यंतचा माग

रहस्यकथेच्या अभिजात परंपरेत गुन्ह्याची उकल ही एका असामान्य बुद्धीच्या माणसाची कामगिरी मानली जाते. एडगर ॲलन पो यांनी १८४१ मध्ये निर्माण केलेला द्युपँ, आर्थर कॉनन डॉयल यांचा १८८७ मध्ये अवतरलेला शेरलॉक होम्स आणि होम्स-वॉटसनची आठवण करून देणारी बाबूराव अर्नाळकरांची धनंजय-छोटू ही मराठी जोडी, या सर्वांच्या कथांत पुरावे अनेकांच्या डोळ्यांसमोर असतात, परंतु त्यांचा अर्थ एकालाच लागतो आणि बाकीची मंडळी शेवटच्या प्रकरणात तो ऐकण्यापुरती जमतात. दख्खनच्या गावगाड्यात चोरीचा छडा लावण्याची जी रीत शतकानुशतके चालत आली, तिची घडण याच्या नेमकी उलट होती. तीत कोडे एका गावाने सोडवायला घ्यायचे, आपल्या हद्दीपुरते सोडवायचे आणि पुढचा भाग शेजारच्या गावाच्या हवाली करायचा, असा शिरस्ता होता. या रीतीला ‘माग काढणे’ म्हणत. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात तिचा विचार केला, तर गुन्ह्याच्या सामूहिक शोधामागची बुद्धी कोणाची होती आणि त्या शोधाचा भार कोणावर पडत होता, हे दोन्ही प्रश्न एकदमच समोर येतात.

माग म्हणजे चालून गेलेल्या माणसाने किंवा जनावराने जमिनीवर मागे ठेवलेली खूण, आणि तिच्या आधाराने तो कोठून आला व कोठे गेला हे ठरवणे म्हणजे माग काढणे. या कामाचे क्षेत्र गावाच्या रचनेनेच आखून दिलेले होते. गावाचे दोन भाग मानले जात: लोकवस्तीची जागा ती ‘पांढरी’ आणि पिकाची जमीन ती ‘काळी’. या दोहोंना वेढणारी जी हद्द तिला ‘शीव’ म्हणत, आणि ती दगड, ओढे, झाडे किंवा बांध यांच्या खुणांनी ओळखली जाई. चोरी पांढरीत झाली तरी चोराची पावले काळीतून शिवेकडे जात, आणि ती शिवेच्या अलीकडे थांबली की पलीकडे गेली, यावर गावाचे उत्तरदायित्व ठरत असे.

ही कल्पना मराठी राज्यापेक्षा कितीतरी जुनी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात चोरीच्या भरपाईचा विचार करताना ‘पद’ म्हणजे पाऊल हाच निकष धरलेला आढळतो. चोराचे पाऊल गावाबाहेर गेल्याचे दिसत नसेल तर दोष गावाच्या प्रमुखाकडे जातो, ते दुसऱ्या गावात गेले असेल तर भरपाई त्या गावाने द्यावी, आणि घटना वस्तीपासून कोसाहून अधिक दूर घडली असेल तर भोवतालच्या पाच किंवा दहा गावांनी मिळून भार उचलावा, असा त्या तरतुदीचा आशय आहे. येथे गुन्हेगार कोण, या प्रश्नाआधी जबाबदार कोण, हा प्रश्न सोडवलेला आहे, आणि त्याचे उत्तर ज्या पुराव्यावर टेकवले आहे तो पुरावा म्हणजे धुळीतले पाऊल होय.

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर दख्खनचा कारभार माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन या कमिशनरकडे आला आणि अहमदनगरचे कलेक्टर म्हणून कॅप्टन हेन्री पॉटिंजर यांची नेमणूक झाली. त्या वेळच्या अहमदनगर कलेक्टरीत आजचा नाशिकचा बराच प्रदेशही मोडत होता, म्हणजे सह्याद्रीच्या घाटमाथ्यापासून गोदावरीच्या खोऱ्यापर्यंतचा मोठा मुलूख एका अधिकाऱ्याच्या हाताखाली होता. एल्फिन्स्टन यांनी १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल सादर केला, त्यात गावच्या जागल्याच्या कामाचे बारकाईने वर्णन आहे. जागल्या म्हणजे गावाची राखण करणारा सेवक. रात्री गस्त घालणे, गावात येणाऱ्या-जाणाऱ्यांवर लक्ष ठेवणे, अनोळखी माणसाची वर्दी पाटलाला देणे आणि चोरी झाल्यास चोर शोधून काढणे ही त्याची कामे होती. पावलांवरून माग काढीत तो दुसऱ्या गावापर्यंत पोहोचला आणि तेथल्या जागल्याची खात्री पटवू शकला, तर त्याची जबाबदारी संपे व पाठलाग त्या गावाच्या जागल्याने पुढे चालवावा लागे. ज्या गावापर्यंत माग स्पष्टपणे लागला ते शेवटचे गाव चोरीच्या मालाला जबाबदार धरले जाई. भरपाई आधी जागल्याच्या ऐपतीप्रमाणे त्याच्याकडून आणि उरलेली साऱ्या गावाकडून वसूल करण्याची पद्धत होती.

जागल्याला गावाची माहिती कशी असे, याचे एल्फिन्स्टन यांनी दिलेले कारण मार्मिक आहे. त्याला रोख वेतन नव्हते. बलुत्याच्या रीतीप्रमाणे प्रत्येक घरच्या धान्यात त्याचा थोडा वाटा असे आणि तो गोळा करण्यासाठी त्याला दारोदार फिरावे लागे. कोणाच्या खळ्यावर किती रास पडली, कोणाकडे अचानक पैसा खुळखुळू लागला, कोणाचा पाहुणा किती दिवस मुक्काम ठोकून आहे, हे त्याला आपल्या पोटासाठीच ठाऊक ठेवावे लागे. महार, रामोशी आणि भिल्ल या समाजांतील माणसे प्रदेशपरत्वे ही राखणदारी करीत, आणि अकोल्याकडच्या डोंगरी भागात घाटवाटांच्या व किल्ल्यांच्या बंदोबस्तात महादेव कोळ्यांच्या नाईकांना महत्त्वाचे स्थान होते. ज्या समाजाकडून उपद्रवाची भीती वाटे, त्याच समाजातल्या माणसाला राखणीवर नेमण्यात एक व्यवहारी हिशेब होता. ‘चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक’ या म्हणीत तो हिशेब जसा आहे, तसाच राखणदाराकडे कायम संशयाने पाहण्याचा कलही आहे.

माग वाचण्याचे कौशल्य जमिनीच्या पोताशी बांधलेले असल्याने जिल्ह्याच्या सर्व भागांत ते सारखे असणे शक्य नव्हते. नेवासे, कोपरगाव, राहुरी या भागांतील गोदावरी, प्रवरा व मुळेकाठची काळी जमीन ओली असताना पाऊल खोल धरून ठेवते, तर पारनेरच्या पठारावरील मुरमाड माळावर तेच पाऊल जवळजवळ उमटत नाही आणि तेथे उलटलेला खडा, दुमडलेले गवत किंवा काटेरी कुंपणातली मोडलेली काटकी यांवर भिस्त ठेवावी लागते. पर्जन्यछायेतल्या या जिल्ह्यात वर्षातील बरेच महिने गाडीवाटांवर फुफाटा असतो. फुफाट्यात ठसा सुरेख उठतो, परंतु वाऱ्याची एक झुळूक किंवा मेंढरांचा एक कळप तो पुसून टाकण्यास पुरेसा होतो. त्यामुळे माग काढण्याचे काम पहाटे, गुरे सुटण्याच्या आत, सुरू करणे भाग असे. उत्तम ठसा सापडला की तो पाटीखाली झाकून ठेवायचा, काडीने किंवा दोऱ्याने त्याची लांबी-रुंदी घ्यायची आणि मग पुढचे प्रत्येक पाऊल त्या मापाशी ताडून पाहायचे, अशी रीत माग काढणाऱ्या लोकांत देशाच्या अनेक भागांत होती. पाठीवर ओझे असलेल्याची टाच अधिक रुतते, धावणाऱ्याचा चवडा माती मागे फेकतो, लंगडणाऱ्याची दोन पावले सारखी उमटत नाहीत आणि वहाण घातलेल्याचा अंगठा दिसला नाही तरी वहाणेचे ठिगळ दिसते. दव पडण्याआधीचे पाऊल आणि दव पडल्यानंतरचे पाऊल यांतला फरक ओळखला, की चोरीची वेळही अंदाजाने सांगता येई. चोर नदीच्या पात्रातून चालत गेला असेल तर दोन्ही काठ खालीवर धुंडाळून तो पाण्याबाहेर कोठे निघाला हे शोधावे लागे.

या रीतीचा खरा कस मात्र शिवेवर लागत असे. मागाचा शेवटचा ठसा शिवेपर्यंत आणून दाखवणे पुरेसे नव्हते, तर तो माग आपल्या हद्दीत शिरला आहे, हे पलीकडच्या जागल्याने मान्य करावे लागे, आणि ते मान्य करण्यात त्याचे व त्याच्या गावाचे उघड नुकसान होते. म्हणजे पुराव्याची सिद्धता अशा माणसासमोर करायची होती की ज्याचे हित तो नाकारण्यात होते आणि ज्याला माग वाचण्याची विद्या पहिल्याइतकीच अवगत होती. सैल अनुमान, घाईने जुळवलेली पावले, मधले तुटलेले दुवे या सर्वांवर तो बोट ठेवणार हे गृहीत धरूनच पहिल्याला काम करावे लागे. उलट, एकदा माग स्वीकारला की त्याच क्षणी दुसऱ्याची भूमिका पालटे. आतापर्यंत शंका काढणारा माणूस आता शोधणारा होई, कारण पुढच्या शिवेवर तिसऱ्याची खात्री पटवणे एवढाच त्याच्या सुटकेचा मार्ग उरे. एका गावाचा प्रतिवादी पुढच्या गावापुढे वादी होत जाण्याच्या या साखळीत कोणा एकाच्या अलौकिक प्रतिभेची गरज नव्हती. प्रत्येकाला आपापली काळी आणि आपापली पांढरी नीट ठाऊक असली की पुरे होते.

रहस्यकथेच्या इतिहासात या रचनेशी जुळणारे प्रयोग बऱ्याच उशिरा आणि खेळ म्हणून झाले. इंग्लंडमधील रहस्यकथाकारांच्या ‘डिटेक्शन क्लब’ या मंडळाने १९३१ मध्ये ‘द फ्लोटिंग ॲडमिरल’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिचे एकेक प्रकरण एकेका लेखकाने लिहिले आणि आधीच्याने टाकलेले पेच सोडवून कथा पुढच्याच्या हाती देण्याचे बंधन त्यांनी स्वतःवर घालून घेतले. एडवर्ड पॉविस मॅदर्स यांच्या ‘केन्स जॉबोन’ या १९३४ च्या रहस्यकोड्यात शंभर पाने मुद्दाम उलटसुलट क्रमाने छापली होती. त्यांचा क्रम लावून सहा खुनांची उकल करायची होती, आणि ते कोडे अलीकडे पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर दूरदूरच्या वाचकांनी आपापले दुवे एकत्र करून त्यावर डोके चालवले. या उद्योगांत सहभागी होणारा स्वखुशीने येतो आणि उत्तर चुकले तरी त्याचे काही बिघडत नाही. नगरच्या एखाद्या शिवेवर उभ्या असलेल्या जागल्याला ही चैन नव्हती.

गावांच्या या सहकार्याचा पाया परस्परविश्वास नव्हता, दंडाची धास्ती होती, हे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. एल्फिन्स्टन यांनीही ही भरपाई मुळात अन्याय्य असल्याचे म्हटले आहे, कारण चोरी रोखणे आणि नुकसान भरून देणे या दोन्ही गोष्टी गावाच्या शक्तीबाहेरच्या असू शकत. पूर्ण वसुलीचा आग्रह क्वचितच धरला जाई, पण काही ना काही दंड बहुधा बसे, आणि हयगय किंवा संगनमत आढळल्यास वतन काढून जवळच्या नातलगाला देणे, बेड्या घालणे, फटके मारणे अशा शिक्षा होत. या उतरंडीत सर्वांत खाली उभा असलेला माणूस तोच होता, ज्याच्या डोळ्यांवर साऱ्या शोधाची मदार होती. शिवेच्या तंट्यात महाराचा शब्द प्रमाण मानला जाई, कारण हद्दीची खूण न् खूण त्याला पाठ असे, पण त्याच माणसाला चावडीची पायरी चढण्याची मुभा नसे. ज्ञानाला मान्यता आणि ज्ञात्याला अवहेलना, असा हा व्यवहार होता.

इंग्रजी अमलात हा व्यवहार हळूहळू मोडला, परंतु त्यातील अवहेलना नव्या रूपात टिकून राहिली. मुंबई इलाख्याच्या १८६७ च्या गावपोलीस कायद्याने पाटील आणि गावचे राखणदार यांना सरकारी पोलीस यंत्रणेच्या खालच्या टोकाला जोडले, आणि गुन्ह्याचा शोध शिवेकडून ठाण्याकडे, पावलाकडून कागदाकडे सरकू लागला. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आरंभी उत्तरेकडील प्रांतांपुरता होता, तो १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई इलाख्यातही लागू करता आला. ज्या रामोशांच्या नजरेवर गावाने पिढ्यान्‌पिढ्या रात्री सोपवल्या होत्या आणि ज्या पारध्यांचे पोटच जनावराच्या मागावर चालत होते, त्या समाजांतील अनेकांना आता हजेरी द्यावी लागली, म्हणजे ठराविक वेळी सरकारी माणसासमोर उभे राहून आपण जागेवर असल्याचे दाखवावे लागले. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात गावच्या राखणदारीची व्यवस्था सविस्तर मांडली, आणि ‘गुन्हेगार जाती’ हे पुस्तकही त्यांचेच आहे. एकाच निरीक्षकाच्या दोन पुस्तकांची ही नावे शेजारी ठेवली, तर राखणदाराचा संशयित कसा झाला याचा सारांश हाती येतो.

वतनी सेवेचे जोखड खुद्द सेवकांनाच नकोसे झाले होते, ही या इतिहासाची दुसरी बाजू होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. अल्प मोबदल्यावर अहोरात्र राबवून घेणारी महार वतनाची रीत बदलणे हा त्यामागील हेतू होता. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर रद्द झाला, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने संपली, आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हे वंशपरंपरेऐवजी नेमणुकीचे पद झाले. त्यांबरोबर माग काढण्याच्या विद्येला असलेला शेवटचा अधिकृत आधारही नाहीसा झाला, आणि तो गेल्याबद्दल हळहळण्याचे कारण त्या सेवकांच्या वारसांना तरी नव्हते.

आज जिल्ह्यातील अनेक गावांत ‘ग्रामसुरक्षा यंत्रणा’ वापरली जाते. चोर शिरल्याची शंका आली, की एका ठराविक क्रमांकावर फोन करून दिलेला इशारा गावकऱ्यांच्या शेकडो मोबाईलवर एकाच वेळी ऐकू जातो आणि शेजारच्या गावांनाही सावध करता येते. शीव आता ओलांडायला क्षणही लागत नाही, आणि जागे होण्याचे काम एका जातीकडे न राहता फोन जवळ असलेल्या प्रत्येकाकडे आलेले आहे. वर्तमानपत्रांच्या बातम्यांत पोलीस अजूनही आरोपीचा ‘माग काढतात’ आणि कधी त्यांना त्याचा ‘मागमूस लागत नाही’. माती, दव आणि फुफाटा वाचणारे गेले असले, तरी त्यांचा शब्द असा कामात राहिला आहे. त्या शब्दामागे एके काळी शिवेवर समोरासमोर उभी राहिलेली दोन माणसे होती, आणि त्यांच्यातील पहिल्याला आपले म्हणणे ज्याला ते मान्य करणे सर्वांत जड होते अशा दुसऱ्याच्या गळी उतरवावे लागत होते.