छाप आणि सोनं : आधुनिक ग्रीसची स्मारक सुवर्णनाणी



अ‍ॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राविषयी बोलताना मी नेहमी एक गोष्ट सांगतो. नाण्याला ग्रीक भाषेत 'नोमिस्मा' म्हणतात आणि हा शब्द 'नोमोस'पासून आलेला आहे. नोमोस म्हणजे कायदा, रूढी, माणसांनी आपापसांत ठरवलेली गोष्ट. अ‍ॅरिस्टॉटलचं म्हणणं असं की, पैसा निसर्गाने पैसा नसतो, आपण ठरवतो म्हणून असतो. त्यामुळे तो बदलणं किंवा निरुपयोगी करून टाकणं हेही आपल्याच हातात असतं. यावर दर वर्गात एखादा विद्यार्थी उठून विचारायचाच : "सर, मग सोन्याच्या नाण्याचं काय? सोन्याची किंमत काय कायद्याने ठरते?"

प्रश्न रास्त आहे, आणि आजचं व्याख्यान त्या प्रश्नाचंच उत्तर आहे असं समजा. फक्त उत्तरासाठी मी प्राचीन ग्रीसकडे न जाता आधुनिक ग्रीसकडे जाणार आहे. गेल्या दोनशे वर्षांत या छोट्या देशाने जी सोन्याची नाणी पाडली, विशेषतः एखाद्या घटनेची आठवण म्हणून पाडली, ती गोळा करण्याचा नाद मला उतारवयात लागला. गोळा करण्याचा म्हणजे काय, बहुतेक बघण्याचा आणि वाचण्याचा. पेन्शनीत सोनं किती येणार!

आधी थोडी पार्श्वभूमी. १८२१ मध्ये ग्रीकांनी ऑटोमन सत्तेविरुद्ध उठाव केला. १८२८ मध्ये कापोदिस्त्रियास हा नव्या राज्याचा प्रमुख झाला आणि त्याने एक नाणं काढलं, फीनिक्स. राखेतून पुन्हा जन्म घेणाऱ्या पक्ष्याचं चित्र असलेलं. टांकसाळ एजिना बेटावर होती. याच बेटावर प्राचीन काळी कासवाचा छाप असलेली चांदीची नाणी निघत. पण यंत्रं कुठून आणली? माल्टाहून, तिथल्या सरदारपंथाची जुनीपुराणी. राज्याकडे चांदी इतकी कमी, की चांदीचे फीनिक्स निघाले ते बारा हजारांच्या आसपास. बाजारात तुर्की नाणंच चालू राहिलं. सोन्याचं तर नावच नको. म्हणजे पहिला छाप अतिशय प्रामाणिक होता : आम्ही राखेत आहोत, उठू पाहतो आहोत. १८३१ मध्ये नाफ्प्लिओ गावी कापोदिस्त्रियासचा खून झाला आणि फीनिक्सही संपला.

मग युरोपातल्या मोठ्या सत्तांनी ग्रीसला एक राजा आणून दिला. बव्हेरियाचा सतरा वर्षांचा राजपुत्र, ओटो. फीनिक्स जाऊन द्राख्मा आला. नाव प्राचीन, पण नाणी सुरुवातीला पाडली म्युनिकमध्ये. १८३३ च्या वीस द्राख्मांच्या सोन्याच्या नाण्यावर या पोराचा चेहरा आहे आणि भोवती ग्रीक अक्षरांत 'ओटो, ग्रीसचा राजा'. १८६२ मध्ये लोकांनी त्याला घालवला. त्याच्या जागी डेन्मार्कचा राजपुत्र आला, तोही सतराचाच, पहिला जॉर्ज. त्याच्या नाण्यांवर शब्द बदललेले दिसतात : 'हेलेनांचा राजा'. हेलेन म्हणजे ग्रीक लोक. आधीचा देशाचा राजा होता, हा लोकांचा. बघा, एका षष्ठी विभक्तीत केवढं राजकारण आहे! भूमीच्या मालकीऐवजी लोकांच्या मान्यतेचा उल्लेख आला. शिवाय राज्याच्या सीमेबाहेर राहणाऱ्या ग्रीकांवरही त्यातून नकळत हक्क सांगितला गेला. ग्रंथ वाचून हे जितकं कळतं तितकंच भिंगातून त्या दोन नाण्यांकडे पाहून कळतं.

जॉर्जच्या काळात ग्रीस लॅटिन चलनसंघात सामील झाला. त्यामुळे त्याचं वीस द्राख्मांचं नाणं हे फ्रान्सच्या वीस फ्रँकच्या नाण्याइतकंच, ६.४५ ग्रॅम वजनाचं आणि हजारात नऊशे कसाचं. पाडलंही पॅरिसमध्येच. १८७६ मध्ये पाच, दहा, वीस, पन्नास आणि शंभर द्राख्मा अशी सोन्याची पूर्ण मालिका निघाली. त्यातलं शंभराचं नाणं अवघं ७६ नग. ते आपल्यासारख्यांनी चित्रातच बघायचं.

ही झाली चलनातली नाणी. आता स्मारक नाणी.

यातलं पहिलं महत्त्वाचं सोनं १९३५ चं. पार्श्वभूमी अशी, की १९२४ मध्ये ग्रीस प्रजासत्ताक झाला. १९३५ च्या नोव्हेंबरात राजेशाही परत आणण्यासाठी सार्वमत घेतलं गेलं. जाहीर झालेला निकाल सुमारे ९८ टक्के राजाच्या बाजूने. तो किती खरा, याबद्दल इतिहासकारांना फारसा संशय नाही. मतदान उघड दबावाखाली झालं होतं. दुसरा जॉर्ज २५ नोव्हेंबरला परतला. या परतण्याच्या स्मरणार्थ वीस आणि शंभर द्राख्मांची सोन्याची नाणी पाडण्यात आली. त्यांवर तारीख आहे ती १९३५ ची, पण पाडली गेली १९४० मध्ये. दोन्ही मिळून काही शेकडाच. या मधल्या पाच वर्षांत काय झालं? १९३६ च्या ऑगस्टमध्ये राजाच्या संमतीने मेटाक्सासची हुकूमशाही आली. आणि १९४१ मध्ये जर्मन फौजा आल्यावर राजाला देश सोडावा लागला. म्हणजे जे परतणं सोन्यावर कायमचं कोरलं, ते नाणं पाडल्यावर वर्ष-दीड वर्षही टिकलं नाही.

आता याच काळात सामान्य ग्रीक माणूस कुठलं सोनं साठवत होता ते पाहू, कारण माझ्या मते सगळ्या गोष्टीचा गाभा इथे आहे.

जर्मन ताब्याच्या वर्षांत उपासमार झाली आणि द्राख्माची अक्षरशः माती झाली. १९४४ च्या नोव्हेंबरात नवा द्राख्मा काढला तेव्हा जुन्या पाच हजार कोटी द्राख्मांना एक नवा द्राख्मा असा दर लावला गेला. पाचावर दहा शून्यं! अ‍ॅरिस्टॉटल म्हणाला होता, पैसा निरुपयोगी करणं आपल्या हातात आहे. त्याच्याच देशाने ते करून दाखवलं. मग लोकांनी विश्वास कशावर ठेवला? इंग्लंडच्या गिनीवर. आपण ज्याला गिनी म्हणतो ते सॉव्हरिन, ७.९८ ग्रॅम, बावीस कॅरेट. ब्रिटिशांनी प्रतिकार करणाऱ्या टोळ्यांना रसद म्हणून हीच नाणी पोचवली होती. युद्धानंतरही घराचा सौदा, मुलीचा हुंडा, सगळं 'लिरा'त, म्हणजे या गिन्यांत बोललं जाई. परक्या राजाचं तोंड असलेलं नाणं ग्रीक आजी उशीखाली ठेवत होती. स्वतःच्या राजाच्या स्मारक नाण्याचं तिला नावही ठाऊक नसेल.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. याच सॉव्हरिनची एक तुकडी १९१८ मध्ये आपल्या मुंबईत पाडली गेली होती. त्या नाण्यांवर 'आय' हे इंग्रजी अक्षर असतं, इंडियाचं. महाराष्ट्रात कितीतरी घरांत गिन्या होत्या आणि पुतळ्यांच्या माळा होत्या. माझ्या आईकडेही पुतळ्यांची माळ होती. तिच्याकडे मी परत येतो.

पुढचं स्मारक सोनं सर्वांत बोलकं आहे. २१ एप्रिल १९६७ ला लष्करातल्या कर्नल मंडळींनी सत्ता बळकावली. त्याला त्यांनी नाव दिलं 'क्रांती'. १९७० मध्ये या तथाकथित क्रांतीच्या स्मरणार्थ चांदीची नाणी निघाली आणि वीस व शंभर द्राख्मांची सोन्याचीही. वजन आणि कस जुन्या लॅटिन संघाच्याच मापाचे, म्हणजे दिसायला परंपरा अखंड. आणि चित्र कोणतं? फीनिक्स! ज्वाळांतून उठणारा पक्षी आणि त्याच्यापुढे बंदूकधारी शिपाई. कापोदिस्त्रियासचा तोच पक्षी. आणखी गंमत म्हणजे दुसऱ्या बाजूला राजमुकुटाचं चिन्ह आहे. पण राजा होता कुठे? डिसेंबर १९६७ मध्ये त्याचा उलट उठाव फसला आणि तो रोमला निघून गेला, तो नाणी निघाली तेव्हाही तिथेच होता. मालक परागंदा आणि दारावर त्याची पाटी शाबूत, अशी ही अवस्था. १९७४ मध्ये कर्नल गेले, डिसेंबरातल्या सार्वमताने राजेशाहीही गेली. या वेळचं सार्वमत मोकळं होतं, आणि सुमारे ६९ टक्के लोकांनी प्रजासत्ताकाला मत दिलं. खऱ्या मताला ९८ टक्क्यांची गरज नसते.

संग्राहकांना मी इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. हे १९७० चं नाणं संग्रहात ठेवावं की नाही, असं मला तरुण विचारतात. माझं मत, ठेवावं. ते वितळवून कर्नल इतिहासातून जात नाहीत. उलट खोटं बोलताना सत्तेला जुन्या खऱ्या चिन्हाची उसनवारी करावी लागते, याचा एवढा चोख पुरावा दुसरा नाही. मात्र शेजारी फीनिक्सचं चित्र ठेवा, १८२८ चं. नुसतं एकटं ठेवलं तर ते नाणं अजूनही त्यांचाच प्रचार करत राहील.

लोकशाही आल्यावर आठवणींचे विषय बदलले. २८ मे १९७९ ला अथेन्सच्या झाप्पिओन या वास्तूत युरोपीय समुदायात प्रवेशाचा करार झाला. त्याच्या स्मरणार्थ दहा हजार द्राख्मांचं सोन्याचं नाणं निघालं. पुढे द्राख्माच गेला, ३४०.७५ द्राख्मांना एक युरो या दराने. म्हणजे त्या नाण्यावर लिहिलेल्या दहा हजारांचे झाले तीस युरोसुद्धा नाहीत! आकडा कायद्याचा होता, तो कायद्याबरोबर गेला. सोनं राहिलं.

मग २००४ चं अथेन्स ऑलिंपिक. त्यासाठी शंभर युरोची सहा सुवर्णनाणी निघाली : क्नोसोसचा राजवाडा, ऑलिंपियाचा कमानीचा मार्ग, पॅनाथेनाइक स्टेडियम, झाप्पिओन, अ‍ॅक्रोपोलिस आणि अथेन्सची अकादमी. प्रत्येक दहा ग्रॅमचं, जवळजवळ शुद्ध सोन्याचं, मर्यादा २८ हजार नग. मिनोअन काळापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत साडेतीन हजार वर्षांची सरळ रेषा. मधली बायझंटाइन आणि तुर्की शतकं गायब. स्मारक नाणं वाचताना काय कोरलं आहे याच्याइतकंच काय वगळलं आहे हेही पाहावं लागतं. आणि ही नाणी निघाल्यावर सहा वर्षांत, २०१० मध्ये, त्या देशाला कर्जासाठी हात पसरावे लागले. ऑलिंपिकसाठी बांधलेली काही मैदानं गवताने भरली. गल्लोगल्ली सोनं विकत घेणारी दुकानं निघाली, लोक अंगठ्या मोडायला रांगेत उभे राहिले.

या सहांतलं एक, अकादमीचं, माझ्याकडे आहे. हान्सेन या वास्तुविशारदाची ती इमारत. तिच्यासमोर प्लेटो आणि सॉक्रेटिस यांचे बसलेले पुतळे आहेत. जन्मभर त्या दोघांवर पोट भरलं, म्हणून निवृत्तीनंतर जर्मनीतल्या एका जुन्या विद्यार्थ्याकरवी ते घेतलं. त्याआधी हात भाजून झाले होते. १८८४ चं वीस द्राख्मांचं म्हणून एकाने मला नाणं विकलं. घरी वजन केलं तर हलकं. पूर्वी कुणी त्याला कडी लावून गळ्यात घातलं होतं आणि नंतर कडी काढून कड घासली होती. तेव्हा नवशिक्यांनी एवढं करा : वजन, व्यास आणि कड तपासा, मूळ पेटी व प्रमाणपत्र मागा, आणि नाणं कधीही घासूनपुसून चकचकीत करू नका.

एकदा अकादमीचं नाणं मी सराफाला दाखवलं. त्याने काट्यावर ठेवलं आणि म्हणाला, "सर, दहा ग्रॅम, चोख आहे. छाप असला काय, नसला काय, मोडीला सारखंच." मला आईची माळ आठवली. मी पुण्याला पुढे शिकायला निघालो तेव्हा तिने ती मोडली. त्या पुतळ्यांवरही छाप होता, लक्ष्मीचा. सराफाने तो बघितला नसणार, आणि आईनेही वर मान करून काही म्हटलं नाही. त्या माळेतून मी प्लेटोपर्यंत पोचलो. आणि आज माझ्याकडे प्लेटोचं नाणं आहे, जे मोडायची माझी तयारी नाही.

तर विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं उत्तर असं. सोन्याच्या नाण्यात दोन वस्तू असतात. सोनं आणि छाप. ग्रीक आजीला आणि माझ्या आईला सोनं हवं होतं. छापाशी त्यांचं भांडण नव्हतं आणि प्रेमही नव्हतं, कारण अडचणीच्या दिवशी छाप पोट भरत नाही. संग्राहक मात्र छापाचे पैसे मोजतो. आणि छाप म्हणजे सत्तेने स्वतःबद्दल केलेलं विधान. ते सोन्यावर आहे म्हणून खरं ठरत नाही. १९३५ चं ठरलं नाही, १९७० चं तर नाहीच. आपल्याला सराफासारखा सोन्याचा कस लावता आला नाही तरी चालेल, पण छापाचा कस लावता आला पाहिजे. ज्याला तो लावायचा नसेल त्याने सरळ वळं घ्यावं, ते स्वस्त पडतं.

डायोजिनीसबद्दल प्राचीन काळापासून अशी कथा सांगतात, की सिनोपे गावात नाणी विद्रूप केल्यावरून त्याला हद्दपार व्हावं लागलं, आणि पुढे तत्त्वज्ञ झाल्यावर त्याने तेच आपलं काम मानलं : चालू छाप खरवडून बघणं. आपण नाणं खरवडायचं नाही, किंमत उतरते. प्रश्न मात्र विचारायचे.

आईच्या माळेतली एक पुतळी तिने मागे ठेवली होती. ती आता माझ्या नातीकडे आहे. अकादमीचं नाणंही तिलाच द्यायचं आहे. अडचण आली तर दोन्हींतलं आधी कुठलं मोडायचं, हे मी तिला आधीच सांगून ठेवलं आहे : प्लेटो.

इथे थांबतो.