भिंतीवरचा चिमटा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या घराच्या भिंती फार सभ्य असतात. तिथे देव असतात, संत असतात, हार घातलेले आजोबा असतात. आमच्या मोहल्ल्यात मक्का-मदिनेची तसबीर असते, नाहीतर सुंदर अक्षरांत लिहिलेली एखादी आयत. १८७८ साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या मित्रांनी चित्रशाळा काढली, १८९४ साली मुंबईत राजा रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला आणि छापील चित्र गरिबाच्या घरातही आले. पण ते आले ते पूजेसाठी, आदरासाठी. पाहणाऱ्याला चिमटा काढणारे चित्र आपण भिंतीवर लावले नाही.

चिमटा काढणे आपल्याला येत नव्हते असे मात्र नाही. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहिले की वऱ्हाडात झडत्या सुरू होतात. त्या झडत्यांतून सावकार सुटत नाही, पाटील सुटत नाही, सरकारही सुटत नाही. दंडारीतला सोंगाड्या तेच करतो. फरक एवढाच की आपली थट्टा हवेत विरून गेली. विलायतेतली थट्टा कागदावर उमटली आणि उरली. त्या उरलेल्या जुन्या कागदांचा मला नाद आहे; पातूरच्या एका कवीच्या खिशाला झेपेल तेवढाच.

या कागदांचा इतिहास मोठा गमतीचा आहे. लंडनचा विल्यम होगार्थ हा त्यातला आद्य पुरुष. समाजाच्या वाईट चालींवर त्याने चित्रमालिका कोरल्या. त्या इतक्या खपल्या की लोक त्यांच्या चोरट्या नकला काढू लागले. होगार्थ गप्प बसला नाही. १७३५ साली खोदचित्रकारांच्या हक्काचा कायदा पार्लमेंटने केला, तो आजही होगार्थच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या मागून जेम्स गिलरे आला. त्याची चित्रे हॅना हम्फ्री नावाच्या बाईच्या दुकानात विकली जात. ज्यांना परवडे ते विकत घेत, बाकीचे काचेबाहेर गर्दी करून फुकट हसत. काही दुकानदार तर अशा चित्रांची बाडे संध्याकाळपुरती भाड्यानेही देत. पाहुणे आले की बाड मध्ये ठेवायचे आणि प्रधानमंत्र्यापासून राजापर्यंत सगळ्यांची रेवडी उडवायची!

या चित्रांत आपला देशही सापडतो. १७८३ साली फॉक्स या पुढाऱ्याने ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार सरकारी मंडळाकडे देणारे विधेयक आणले. जेम्स सेयर्सने लगेच त्याला पगडी चढवली, 'कार्लो खान' असे नाव दिले आणि हत्तीवर बसवून कंपनीच्या कचेरीवर स्वारी करायला लावली. हत्तीला तोंड फॉक्सचा सहकारी लॉर्ड नॉर्थ याचे! विधेयक पडले, मंत्रिमंडळही गेले. पार्लमेंटातल्या भाषणांपेक्षा या चित्रांनी माझे जास्त नुकसान केले, असे फॉक्स म्हणाल्याचे सांगतात.

दुसरे चित्र गिलरेचे, १७९१ सालचे. त्या वर्षी लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणवर चालून गेला. पण पाऊस आणि उपासमार यांनी त्याला माघार घ्यावी लागली. परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांच्या मराठी फौजा त्याला भेटल्या त्या या माघारीच्या वाटेवर. गिलरेने चित्राला नाव दिले मोसमी पावसाचे. तटावर टिपू उभा आहे आणि खाली पळणाऱ्या कॉर्नवॉलिसवर तो 'पाऊस' पाडतो आहे. तो पाऊस कसला, हे सभ्य श्रोत्यांनी ओळखून घ्यावे. पुढल्याच वर्षी टिपूला हार पत्करून तह करावा लागला. पण आपल्याच सेनापतीची अशी फजिती आपल्याच राजधानीत विकायला मांडणारा तो कलावंत मला आजही धीट वाटतो.

ही चित्रे तयार कशी होत? तांब्याच्या पत्र्यावर मेण आणि राळेचा थर द्यायचा, सुईने त्यावर चित्र ओरखडायचे, मग पत्रा तेजाबात बुडवायचा. उघडी पडलेली रेघ तेजाब खाते. त्या खाचेत शाई भरायची, वरचा पत्रा पुसून घ्यायचा आणि ओला कागद ठेवून चरकातून काढायचा. म्हणून खऱ्या जुन्या चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन दिसतो, बोटाला लागतोसुद्धा. रंग मागाहून हाताने भरत.

१८४१ साली लंडनला 'पंच' साप्ताहिक निघाले आणि पद्धत बदलली. पंचची चित्रे कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर कोरलेली असत. हा ठोकळा अक्षरांच्या खिळ्यांसोबत एकाच वेळी छापता येई, त्यामुळे चित्र स्वस्त झाले. 'कार्टून' हा शब्द थट्टेच्या चित्राला चिकटला तोही याच पंचमुळे, १८४३ साली.

आमच्या वऱ्हाडाचा संबंध इथे येतो. १८६१ साली अमेरिकेत उत्तर-दक्षिणेचे युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला. पंचच्या जॉन टेनियलने चित्र काढले. अमेरिकेचे दोघे भांडत आहेत आणि इंग्रज गिऱ्हाईक त्यांना बजावते आहे की, तुम्हाला धंद्यापेक्षा भांडणच गोड असेल तर मी पलीकडच्या दुकानात जातो. पलीकडचे दुकान हिंदुस्थानचे! वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात होते. कापसाला सोन्याचा भाव आला, १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोचली, १८७० साली लॉर्ड मेयो स्वतः खामगावच्या कापूस बाजारासाठी आला. पण तोवर अमेरिकेतले भांडण मिटून पाच वर्षे झाली होती आणि भावही उतरले होते. गिऱ्हाईक आपल्या जुन्या दुकानाकडे वळले होते. आपल्या कापसाचा भाव दूर कुठेतरी ठरतो, हे दुःख वऱ्हाडाला तेव्हापासूनचे आहे. ते समजून घ्यायला मला जाड पुस्तकापेक्षा हे एक पान जास्त उपयोगी पडले.

हळूहळू आपल्या लोकांनीही हे हत्यार हाती घेतले. मुंबईत १८५४ सालीच 'पारसी पंच' निघाला, पुढे त्याचाच 'हिंदी पंच' झाला. १८८६ ते १९०१ या काळातील काँग्रेसवरच्या त्याच्या चित्रांचा संग्रह संपादक बरजोरजी नवरोजी यांनी पुस्तकरूपाने काढला. १८९७ चे अमरावतीचे काँग्रेस अधिवेशन, शंकरन नायर ज्याचे अध्यक्ष होते, ते याच काळातले. त्या वर्षाचा एखादा मूळ अंक हाती लागावा ही माझी जुनी इच्छा आहे. लखनौला १८७७ साली मुन्शी सज्जाद हुसेन यांनी उर्दूत 'अवध पंच' काढला. उर्दूची वळणदार लिपी खिळ्यांत नीट बसत नसे, म्हणून उर्दू मजकूर शिळाछापावर छापत. या पंचाने इंग्रजांना सोडले नाही आणि सर सय्यद अहमद खानांनाही सोडले नाही. आपल्या माणसाला हसायला जास्त हिंमत लागते. अकबर इलाहाबादींसारखा शायर या पत्रात लिहीत होता, यात नवल नाही.

हौस असेल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पंचची सुटी पाने फार महाग नसतात, कारण ती लाखांनी छापली गेली. पाठीमागे मजकूर असेल तर ते साप्ताहिकातून कापलेले पान समजावे. गिलरेचे पत्रे त्याच्यामागे कित्येक वर्षांनी बोन नावाच्या प्रकाशकाने पुन्हा छापले; त्या प्रतींत कागदाच्या दोन्ही बाजूंना चित्रे असतात. त्याही जुन्याच, पण पहिल्या छपाईच्या मोलाने घेऊ नयेत. भिंगातून पाहिल्यावर रेघांऐवजी ठिपक्यांची जाळी दिसली तर ती अलीकडची नक्कल. फ्रेमवाल्याला चित्र चिकटवू देऊ नका, चिकटपट्टी लावू देऊ नका, प्लास्टिकमध्ये तर मुळीच घालू देऊ नका. काच आणि चित्र यांच्यात पुठ्ठ्याची चौकट हवी. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीवर चित्र लावणे म्हणजे पापड वाळत घालणे. पावसाळ्यात ओल, वाळवी आणि कसर यांच्यावर लक्ष ठेवावे. आणि हेही ध्यानात असू द्या की, १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरची कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही.

पण खरा प्रश्न यानंतर सुरू होतो. माझ्याकडे टेनियलचे १८५७ च्या ऑगस्टमधले प्रसिद्ध चित्र आहे. दोन पानांवर पसरलेले. वाघ एका गोऱ्या बाईवर आणि तिच्या लेकरावर बसला आहे आणि इंग्रजांचा सिंह त्याच्यावर झेप घेतो आहे. तो वाघ म्हणजे आपण. कानपूरच्या बातमीने पेटलेल्या इंग्लंडला सूड हवा होता. या चित्राने त्या सुडाला न्यायाचे रूप दिले. त्यानंतर दिल्लीत, कानपुरात, गावोगावच्या झाडांवर काय लटकले, ते चित्रात नाही. माझ्या मुलाने ते पाहिले आणि विचारले, “अब्बा, आपल्यालाच जनावर म्हणणारं चित्र आपण बैठकीत लावायचं?”

प्रश्न रास्त होता. मी बरेच दिवस विचार केला. ट्रंकेत ठेवले तर ते चित्र खोटे ठरत नाही, फक्त आपल्या नजरेआड होते. मग मी ते लावले, पण एकटे नाही. खाली चिठ्ठी लावली : कोणी काढले, कधी काढले, कोणाला चेतवण्यासाठी काढले. समोरच्या भिंतीवर अवध पंचचे एक पान लावले. आता येणारा पाहुणा इकडे पाहतो, मग तिकडे पाहतो आणि काही विचारतो. निदान विचारतो तरी.

थट्टा दोन जातीची असते. एक खालून वर जाते, झडतीसारखी, बळवंताची टोपी उडवणारी. दुसरी वरून खाली येते आणि माणसाला आधी जनावर करते, म्हणजे त्याला मारणे सोपे जाते. दोन्हींची शाई सारखीच, कागद सारखाच, कारागिरीही सारखीच सुबक. त्या दोहोंतला फरक आपल्या लेकरांना ओळखता यावा, एवढ्यासाठी तरी घरातली एक भिंत थोडी कमी सभ्य असायला हरकत नाही.