शस्त्रक्रियेनंतरचीं वर्षें
स्तनाच्या कर्करोगांतून उठलेल्या भगिनींच्या परस्पर आधाराचा इतिहास

महोत्सवाच्या स्मरणिकेंत देवळाचा पाया केव्हां घातला, घंटा कोठून आणिली, कोणत्या धर्मगुरूंनीं किती वर्षें सेवा केली, हा वृत्तान्त असावयाचाच, आणि तो असावाही. पण गांवाचा सगळा इतिहास दगडचुन्यांत सांठविलेला नसतो. घराच्या माजघरांत, बंद दाराआड जें घडतें तें लिहून ठेवण्याची आपणांस संवय नाहीं. प्रस्तुत लेखांत अशाच एका विषयाचा परामर्श घेण्याचें योजिलें आहे. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन घरीं परतलेल्या, आणि त्यानंतर दहा-दहा, वीस-वीस वर्षें संसार केलेल्या स्त्रिया एकमेकींना कशा आधार देत आल्या, याची ही हकीकत आहे. विषयाचें नांव उच्चारावयासही कित्येकांना संकोच वाटेल. परंतु याच संकोचापायीं कित्येक भगिनींची गांठ वेळेवर वैद्यांपुढें आली नाहीं, म्हणून तो बाजूस सारणें भाग आहे.

वालीवकरांस या व्याधीचा रस्ता नवा नाहीं. वालीवहून वसई रोड स्टेशन, तेथून लोकलनें दादर किंवा पूर्वीचें एल्फिन्स्टन रोड, ज्याला २०१८ पासून प्रभादेवी म्हणतात, आणि मग परळ. विजेची गाडी विरारपर्यंत आली १९३६ साली. परळचें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानें वारल्या, पुढच्याच वर्षीं त्यांचे पति सर दोराबजी निवर्तले, आणि त्यांच्या नांवाच्या विश्वस्त निधींतून हें रुग्णालय उभें राहिलें. १९६२ पासून तें सरकारच्या अणुऊर्जा खात्याकडे आहे. आपल्या बोलण्यांत मात्र तें नुसतें 'टाटा'. आजाराचें नांव न घेतां 'तिला टाटाला नेली' एवढेंच म्हटलें कीं ऐकणारा काय तें समजतो. या रुग्णालयाच्या प्रमुखपदीं बसलेले गोमंतकीय कॅथॉलिक शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जिस (१९०९–१९६९) यांचें नांव रुग्णालयाजवळच्या रस्त्यास दिलेलें आहे. परळला जाणाऱ्या वाचकांनीं ती पाटी पाहिली असेल.

शस्त्रक्रिया म्हणजे काय होती, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. अमेरिकेंतील बाल्टिमोरचे विल्यम हॅल्स्टेड यांनीं १८९४ साली जी पद्धति प्रसिद्ध केली तींत स्तन, त्याखालचे छातीचे स्नायु आणि काखेंतील ग्रंथि हें सर्व एकत्र काढून टाकीत. पाऊणशें वर्षांहून अधिक काळ तीच प्रमाण मानली गेली. पुढें मिलानचे उम्बेर्तो वेरोनेसी यांनीं १९८१ साली व अमेरिकेचे बर्नार्ड फिशर यांनीं १९८५ साली दाखवून दिलें कीं, लवकर सांपडलेल्या रोगांत गांठ व तिच्या भोंवतालचा भाग काढून किरणोपचार दिले तरी आयुष्य तितकेंच लाभतें. पण आपल्याकडे गांठ लपविण्याची रीत अजून गेलेली नाहीं, आणि उशिरा आलेल्या पुष्कळ स्त्रियांचा सबंध स्तन आजही काढावा लागतो.

टांके निघाले, जखम भरली, कीं घरचीं माणसें म्हणतात, 'सुटली बिचारी.' खरी कथा येथून पुढें सुरू होते. काखेंतील ग्रंथि गेल्यामुळें हातांतील रसाचा निचरा मंदावतो, आणि कधीं दोन वर्षांनीं तर कधीं दहा वर्षांनीं हात सुजूं लागतो. बांगडी चढत नाहीं, बाही दंडांत रुतते. एका बाजूचें वजन गेल्यानें खांदा कलतो, मान दुखते. ज्या स्त्रीला भाताची लावणी करावयाची आहे, विहिरीचें पाणी ओढावयाचें आहे, किंवा आजच्या वालीवप्रमाणें कारखान्यांत दिवसभर उभें राहून माल बांधावयाचा आहे, तिचा हात म्हणजे अर्धा संसार. त्यांत भीतीची भर. शरीरांतील स्त्री-संप्रेरकांवर पोसणारा जो प्रकार आहे तो वीस वर्षांनींही उलटूं शकतो, असें २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासांत आढळलें. म्हणूनच अशा स्त्रियांस पांच, कधीं दहा वर्षें रोज गोळी घ्यावी लागते. पाठींत जरा कळ आली कीं मन टाटाच्या दारांत जाऊन उभें राहतें. हें नवऱ्यास सांगावें तर तो घाबरतो, सासूस सांगावें तर घरभर होतें, आणि मुलगी लग्नाची असेल तर बोलणेंच खुंटतें. डॉक्टरांपाशीं वेळ नसतो. मग सांगावें कोणास?

ज्या स्त्रीनें हेंच भोगलें आहे तिला, हें या प्रश्नाचें उत्तर. आणि तें रुग्णालयांच्या पुष्कळ आधींचें आहे. इंग्रज कादंबरीकर्त्री फॅनी बर्नी हिचा उजवा स्तन पॅरिस येथें ३० सप्टेंबर १८११ रोजीं कापून काढण्यांत आला. नेपोलियनच्या सैन्याचे शल्यविशारद लॅरी यांनीं शस्त्र चालविलें. भूल देण्याची कला निघावयास अजून पस्तीस वर्षें अवकाश होता. मिळालें तें थोडेंसें मद्य आणि तोंडावर पातळ रुमाल. पुढच्या वर्षीं तिनें आपली बहीण एस्थर हिला सारी हकीकत पत्रानें कळविली. तें पत्र लिहावयास तिला कित्येक महिने लागले. लिहिलेलें पुन्हां वाचण्याचें धैर्य तिला झालें नाहीं. मग लिहिलें तरी कां? आजाराची वार्ता दुसऱ्याच्या तोंडून गेली तर आपण पूर्ण बऱ्या झालों यावर घरच्यांचा विश्वास बसणार नाहीं. ती ग्वाही ज्याची त्यानेंच आपल्या हातानें दिली पाहिजे, असें तिचें म्हणणें. यानंतर ती २८ वर्षें जगली आणि १८४० साली वयाच्या ८७ व्या वर्षीं वारली. आमच्या मतें या सगळ्या इतिहासाचें मूळ या पत्रांत आहे. 'मी यांतून गेलें, आणि अजून आहें,' हें वाक्य निष्णात वैद्यालाही उच्चारतां येत नाहीं.

या वाक्याची संस्था झाली ती न्यूयॉर्कमध्यें. टेरीज लॅसर या बाईंचें १९५२ साली तेथें हॅल्स्टेड पद्धतीनें ऑपरेशन झालें. पुढें हात कसा हलवावा, वस्त्र कसें नेसावें, नवऱ्याशीं काय बोलावें, हें त्यांना कोणी सांगेना. त्या बऱ्या झाल्या आणि इतर रोगी स्त्रियांच्या खाटांपाशीं जाऊं लागल्या. बरोबर एक रबरी चेंडू, हाताच्या व्यायामासाठीं दोरी आणि चोळींत ठेवावयाचा तात्पुरता कृत्रिम स्तन. कित्येक डॉक्टरांस ही लुडबूड वाटली. त्यांनीं विरोधही केला. पण रोगिणी त्यांची वाट पाहूं लागल्या, आणि १९६९ साली अमेरिकन कॅन्सर सोसायटीनें हें काम आपलेंसें केलें. १९७४ च्या सुमारास तें युरोपांत पोंचलें. त्याच वर्षीं अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नी बेट्टी फोर्ड यांनीं आपल्या शस्त्रक्रियेची बातमी उघडपणें जाहीर होऊं दिली, आणि हजारों स्त्रिया तपासणीस गेल्या. लॅसरबाईंचा नियम साधा होता: भेटीस जाणारी स्वतः त्या शस्त्रक्रियेंतून गेलेली असावी, आणि तिनें औषधाबद्दल बोलूं नये. या नियमाचा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, हें पुढें दिसेल.

आपल्या मुंबईकडे वळतां, डॉ. जस्सावाला व नवल टाटा यांनीं १९५१ साली इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापिली. परंतु स्वतः कर्करोगांतून उठलेल्या स्त्रियांनीं पुढाकार घेण्यास बराच काळ जावा लागला. वंदना गुप्ता यांनीं बरें झाल्यावर १९९४ साली व्ही केअर ही संस्था काढली. देविका भोजवानी यांना स्तनाचा कर्करोग झाला होता. त्यांनीं २००३ साली टाटा रुग्णालयाच्या साह्यानें गरीब स्त्रियांच्या उपचारखर्चासाठीं निधि उभारण्यास आरंभ केला. रेल्वेच्या हिशेब खात्यांतील अधिकारी रूबी अहलुवालिया यांनीं त्याच व्याधींतून उठून २०१२ साली संजीवनी ही संस्था सुरू केली. ज्या रेल्वेनें आपण परळला जातों तिच्याच एका अधिकाऱ्यानें परतीची वाटही सोबतीची करावी, हा योग आम्हांस मोठा गोड वाटतो.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलावीशी वाटते. मरणाऱ्याची सेवा हें आपल्या ख्रिस्ती समाजाचें जुनें बळ. टाटा रुग्णालयाचे शल्यविशारद डॉ. लुईस डिसोझा यांनीं १९८६ साली वांद्र्यास माउंट मेरीजवळ शांती अवेदना ही भारतांतील पहिली अंतकाल-सेवेची संस्था उघडली, आणि होली क्रॉसच्या सिस्टरांनीं तेथील शुश्रूषा पत्करली. त्या कामाविषयीं कोणाचें दुमत नाहीं. पण जी मेली नाहीं, जी दर रविवारीं मिस्सेस येते, भाकऱ्या थापते, आणि अकराव्या वर्षीं सुजलेला हात पदराखालीं लपविते, तिच्यासाठीं आपण कांहींच योजिलेलें नसतें. ती बरी झाली, असें धरून आपण मोकळे होतों.

अशा भेटीगांठींनीं आयुष्य वाढतें काय? १९८९ साली अमेरिकेचे डॉ. डेव्हिड स्पीगल यांनीं ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या सर्वांचा रोग शरीरांत पसरलेला होता. दर आठवड्यास एकत्र बसून बोलणाऱ्या स्त्रिया इतरांपेक्षां सुमारें दीड वर्ष अधिक जगल्या, असें त्यांस दिसलें, आणि जगभर मोठी आशा उत्पन्न झाली. परंतु २००१ साली कॅनडांतून २३५ स्त्रियांचा अभ्यास बाहेर आला. त्यांत आयुष्य वाढल्याचें कांहीं दिसलें नाहीं. मन मात्र हलकें झालें, आणि वेदनाही कमी जाणवली. आम्हांस हा दुसरा निकाल अधिक प्रामाणिक वाटतो. सोबत हें औषध नव्हे. औषध म्हणून ती विकूं गेल्यास फसवणूक होईल, आणि गोळी सोडून कोणी गप्पांवर विसंबेल.

सोबतिणीच्या तोंडून चुकीचा सल्लाही येतो, हेंही सांगितलें पाहिजे. 'त्या हातानें कांहीं म्हणजे कांहीं उचलूं नको,' असें जुन्या बायका कळकळीनें सांगत, कारण डॉक्टरांनींच त्यांना तसें सांगितलें होतें. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत उलटें आढळलें: जाणत्याच्या देखरेखीखालीं हळूहळू वजन उचलण्याचा सराव केल्यास सूज वाढत नाहीं, उलट त्रास कमी होतो. लॅसरबाईंच्या नियमाचा दुसरा भाग येथें उपयोगीं पडतो. औषध डॉक्टरांनीं सांगावें. भिंतीवर बोटें चालवीत हात रोज थोडा वर कसा न्यावा, चोळीला आंतून खिसा लावून त्यांत कापूस किंवा सुती विणकामाचा गोळा कसा बसवावा, तपासणीच्या आदल्या रात्रीं झोंप येत नाहीं तेव्हां काय करावें, हें सोबतिणीनें सांगावें.

वालीव आतां पूर्वीचें शेतीचें गांव राहिलेलें नाहीं. २००९ पासून तें वसई-विरार महापालिकेंत आहे, आणि कारखान्यांमुळें दूरदूरचीं कुटुंबें येथें वसलीं आहेत. जिचें माहेर दोन दिवसांच्या प्रवासावर आहे अशा स्त्रीला ऑपरेशननंतर केंस विंचरून देणारी कोण? पूर्वी शेजारीण आपण होऊन येई. आतां शेजारणीला ठाऊकच नसतें. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन भगिनींच्या छातीवर तोच व्रण असावा आणि एकीनेंही दुसरीस तें कधीं सांगितलेलें नसावें, असें घडणें मुळींच अशक्य नाहीं.

संत आगाथा हिला स्तनाच्या आजारांची आश्रयदात्री मानतात. सिसिलींतील कॅटेनिया येथें, सम्राट डेसियसच्या छळांत, सन २५१ च्या सुमारास तिनें प्राण दिला. छळ करणाऱ्यांनीं तिचे स्तन कापले, अशी परंपरा सांगते. मिस्साच्या पहिल्या महाप्रार्थनेंत तिचें नांव आजही घेतलें जातें. तिचा सण ५ फेब्रुवारी. याच तारखेला १५९७ साली आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया नागासाकी येथें क्रूसावर गेले; पण तो दिवस आगाथेचा असल्यामुळें नागासाकीच्या हुतात्म्यांचें स्मरण पंचांगांत ६ तारखेस येतें. वसईकरांस ते दोन दिवस मुद्दाम पाठ करावे लागत नाहींत. ५ तारखेच्या मिस्सेनंतर या व्याधींतून उठलेल्या भगिनींनीं, नांवनिशी न विचारतां, घटकाभर एका खोलींत बसावें आणि जी नुकतीच परळहून परतली असेल तिला निरोप धाडावा. त्यासाठीं एक खोली, थोडा चहा आणि दार लावून घेणारी एखादी जाणती बाई एवढेंच लागेल.