शाळा आणि कॉलेज यांच्यामधला उंबरठा

कामगारांच्या सभेत बोलण्याची आम्हांला सवय आहे. विद्वानांच्या व्यासपीठावर उभे राहण्याची नाही. आमचे शिक्षण रात्रशाळेत आणि उरलेले युनियनच्या कचेरीतल्या कपाटातल्या पुस्तकांवर झाले. तरीही आज शिक्षणाच्या इतिहासातले एक प्रकरण आपल्यापुढे ठेवण्याचे धाडस करतो, कारण त्याचा संबंध अंबरनाथ-बदलापूरच्या घराघरांशी आहे.

अमेरिकेत शाळेत शिकणाऱ्या मुलाला त्याच वेळी कॉलेजचा एखादा विषय शिकता येतो आणि त्याचे गुण दोन्हीकडे जमा होतात. १९५५ साली कनेक्टिकट विद्यापीठाने हा उपक्रम सुरू केला. १९८५ साली मिनेसोटा राज्याने कायदा करून अशा विद्यार्थ्याच्या कॉलेजचा खर्च सरकारी तिजोरीतून देण्याची सोय केली. हे ऐकले की आपल्याकडे लोक म्हणतात, ‘ती श्रीमंतांची थेरे, आपल्याकडे शाळा ती शाळा आणि कॉलेज ते कॉलेज.’ हे म्हणणे इतिहासाला धरून नाही, एवढेच आज दाखवावयाचे आहे.

मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शाळा आणि कॉलेज एकाच संस्थेत नांदत होती. त्यांची फारकत झाली ती १८५६ साली. दादाभाई नौरोजी याच संस्थेत शिकले आणि तेथेच गणिताचे प्राध्यापक झाले. पुढच्याच वर्षी मुंबई विद्यापीठ निघाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. मॅट्रिक ही शाळा सोडण्याची परीक्षा, असे आपण समजत आलो. वस्तुतः ती विद्यापीठात शिरण्याची परीक्षा होती आणि ती घेत असे विद्यापीठ. म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे शाळेचा शेवटचा दरवाजा कॉलेजवाल्यांच्या हातात होता. १९४८ च्या कायद्याने एस.एस.सी.चे स्वतंत्र बोर्ड झाले आणि १९४९ साली त्याची पहिली परीक्षा झाली, तेव्हा ही किल्ली विद्यापीठाकडून बोर्डाकडे आली.

हे १९४९ साल आपल्या भागाला दुसऱ्या कारणाने ठाऊक आहे. त्या वर्षी ८ ऑगस्टला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी कल्याण कॅम्पचे नाव उल्हासनगर ठेवले. युद्धकाळातल्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासित कुटुंबे राहत होती. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता, आणि फाळणीच्या सुमारास सिंधचे वेगळे विद्यापीठ होईपर्यंत तिकडची कॉलेजे मुंबई विद्यापीठाशीच जोडलेली होती. कराचीत मॅट्रिक झालेला मुलगा बराकीत आला तेव्हा घरदार मागे राहिले होते. पण पेटीतला तो कागद मुंबई विद्यापीठाचाच होता. दाखला कोणाचा आहे आणि तो कोठे चालतो, या गोष्टीचे मोल निर्वासिताइतके कोणाला कळणार? सिंधमधून आलेल्या शिक्षकांनी व दात्यांनी पुढे येथे चांदीबाई कॉलेज उभे केले, त्याच्या मुळाशी हीच जाणीव असली पाहिजे असे आम्हांस वाटते.

यानंतर उंबरठा पुन्हा एकदा हलला. १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोग बसला. त्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूरकडचे. पूर्वी अकरा वर्षे शाळा आणि चार वर्षे कॉलेज होते. आता दहा, दोन आणि तीन असा आकृतिबंध आला. बेरीज दोन्हीकडे पंधराच. महाराष्ट्रात १९७५ साली नव्या पद्धतीची पहिली दहावी झाली. काय घडले ते पहा: शाळेचे अकरावीचे वर्ष कॉलेजच्या इमारतीत गेले आणि कॉलेजचे पहिले वर्ष बोर्डाच्या ताब्यात आले. काही ठिकाणी तर दोन्ही वर्षे शाळेतच भरू लागली. आपला बारावीचा विद्यार्थी पत्ता विचारला तर कॉलेजचा सांगतो आणि परीक्षा देतो बोर्डाची. अर्धा शाळेत व अर्धा कॉलेजात असणे आपण त्याच्यावर कधीच लादले आहे. मात्र त्याचा लाभ त्याला दिलेला नाही.

आमची स्वतःची हकीकत थोडक्यात सांगतो. १९८६ साली आम्ही रात्रशाळेतून दहावी झालो. दिवसा अंबरनाथच्या एका वर्कशॉपमध्ये मोटारी गुंडाळण्याचे काम होते. एका कॉलेजात अकरावीच्या मुलांना विजेच्या यंत्रांची दुरुस्ती शिकवतात असे कळले. पाळी संपवून आम्ही गेलो आणि आठवड्यातून दोन तास मागे बसू द्या, असे विनवले. कारकुनाने विचारले, ‘दाखला आहे?’ दाखला होता. पण दिवसभर हजर राहणे शक्य नव्हते. ‘मग जमणार नाही,’ तो म्हणाला. त्याचे काही चुकले नाही. त्याच्या वहीत आमच्यासाठी रकानाच नव्हता. रकाना नसल्यामुळे किती हात अर्धशिक्षित राहिले असतील, हा विचार तेव्हापासून आमचा पिच्छा सोडत नाही.

रकाना करता येतो, याचा पुरावा आपल्याकडेच आहे. आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेला मुलगा पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागू शकतो. त्याच्या शिकण्याची किंमत पुढच्या पायरीवर धरली जाते. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले आणि २०२३ च्या श्रेयांक आराखड्याने शाळेपासून विद्यापीठापर्यंत मिळवलेले श्रेयांक एका हिशेबात आणण्याचे तत्त्व मान्य केले. तत्त्व चांगले आहे. परंतु कायदे पाहण्यात आमचे आयुष्य गेले. तत्त्व मान्य होणे आणि पगाराच्या दिवशी पैसे हातात पडणे यांतले अंतर आम्हांला ठाऊक आहे.

म्हणून तीन गोष्टी मागाव्यात. शाळेत असताना कॉलेजचा विषय घेणाऱ्याकडून वेगळी फी घेऊ नये. नाही तर मिनेसोटाने जे सर्वांना दिले ते आपल्याकडे क्लासवाल्यांचे गिऱ्हाईक होईल. तास अशा वेळी असावेत की बदलापूरचा मुलगा लोकल पकडून वेळेवर पोचेल आणि कामावर जाणाऱ्यालाही ते साधतील. आणि मिळवलेले श्रेयांक लेखी नोंदले जावेत. तोंडी आश्वासनावर कामगाराने कधी विसंबू नये, विद्यार्थ्यानेही नाही.

शेवटी एकच. वसंत व्याख्यानमालेची प्रथा पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पाडली. ते मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी. पदवी हाती असलेल्या या माणसाने ज्ञानाचा दरवाजा अशा ठिकाणी उघडला, जेथे दाखला विचारणारा कारकून बसत नाही. येथे मागच्या रांगेत शाळेच्या गणवेशातली काही मुले बसलेली दिसतात. त्यांना आत येताना कोणी अडवले नाही, याचा आम्हांला आनंद आहे. उद्या कॉलेजच्या दारातही त्यांना कोणी अडवू नये, एवढेच मागणे आहे.